कुकाच्या बैलाचं ताट

आम्पारो, त्या झेंडूच्या पाकळ्या टोपलीत ठेव, अंगणभर उधळू नकोस. मेलेल्यांना घर सापडावं म्हणून त्यांची वाट संध्याकाळी घालायची आहे. आणि तशी दारात उभी राहू नकोस, बस इथं पाट्याजवळ. मला मिरची वाटायची आहे आणि तुला काही सांगायचं आहे. दोन्ही कामं एका बैठकीत उरकून टाकते.

तुला लहानपणापासून माहीत आहे की मृतांच्या दिवशी आपल्या घरी एक ताट जादा असतं. तुझ्या बापाचं एक, कुकाचं एक, माझ्या आईचं एक, आणि हे कडेचं, ज्याच्यामागे फोटो नाही की नाव नाही. कुणी विचारलं की मी सांगते, कुकाच्या बैलाचं. लोक हसतात. म्हणतात, चेन्चा म्हातारी चळली, बैलाला पेज वाढते आणि वर तंबाखूही ठेवते. हसू देत मेल्यांना. तूही हसायचीस. आज हसून घे हवं तर, पण मग नीट ऐक.

आणि आपल्या या आतेन्पा गावात कुणालाही विचार, जनरल मेलितोन तापिआ कुठं आहेत? कुणी सांगेल, डोंगरापलीकडं घोडे विकतात. कुणी सांगेल, बंदरावर दिसले, दाढी पांढरी झालीय. परवा तो न्हावी शपथेवर सांगत होता की त्यानं स्वतः त्यांची दाढी केली. मी मान डोलावते. म्हणते, असतील बाई, त्यांचं काय सांगावं.

जनरल म्हणजे तुझ्या शाळेतल्या चित्रात असतात तसे काही नव्हते हं. साखरेच्या मोठ्या मळ्यावर घोडे वठणीवर आणायचे, तेवढंच त्यांचं काम. एकदा मालकाचा एक माथेफिरू घोडा त्यांनी शांत केला, म्हणून मालकानं खूश होऊन आपली विजार त्यांना दिली, दोन्ही पायांवर कमरेपासून घोट्यापर्यंत चांदीच्या बटणांची रांग असलेली. पुढं त्याच मालकाविरुद्ध बंदूक उचलली, तरी विजार तीच. सरकारी फौजेला दुरून ती चमक दिसायची, गोळ्या बरोबर तिकडंच यायच्या. माणसं हात जोडायची, जनरल, बदला ती विजार. ते म्हणायचे, "अरे, आपल्या माणसांनाही दिसायला नको का मी कुठं आहे ते?" आणि खरंच, डोंगरउतारावर ती चमक दिसली की आम्ही बायका चुलीपासून उठून म्हणायचो, आले. मग कुठं घास घशाखाली उतरायचा.

पण प्रेमळ होते असं समजू नकोस. त्यांचा एक नियम होता. गावकऱ्याचं कणीससुद्धा विचारल्याशिवाय घेतलं तर भिंत आणि गोळी. मक्याच्या एका पोत्यापायी त्यांनी आपल्या सख्ख्या मावसभावाला भिंतीला उभं केलं होतं. त्या दिवशी जेवले नाहीत, पण गोळी थांबवली नाही. म्हणूनच गावं त्यांना लपवायची, भाकरी पाठवायची. नाहीतर बंदूकवाले काय, इकडचे आले काय नि तिकडचे आले काय, कोंबड्या सारख्याच पळतात.

आता तुझ्या बापाचं. मासेदोनिओ माणूस चांगला, पण भूक लागली की त्याचं डोकं पोटात जायचं. तू तेव्हा अंगावर पिणारी होतीस, अजून बाप्तिस्माही झाला नव्हता, कारण पाद्री सरकारी फौजेबरोबर पळून गेला होता. जनरलच्या फौजेतली त्याची तुकडी वरच्या खिंडीत अडकलेली, दाणा नाही, झाडाची सालं चावत होते. आणि अशात याला ओढ्यात एक बैल दिसला. मागच्या पायावर मळ्याचा डाग. याला वाटलं, मळ्याचा म्हणजे शत्रूचा. झालं! कापला, वाटला, खाल्ला. रात्री तळावर परतला तेव्हा माझ्यासाठी एक तुकडा आणला. मी तो मिरची लावून भाजला आणि फार गोड लागला, खोटं कशाला बोलू? तुझ्यासाठी त्यानं एक लाल फीत आणली होती. नजर लागू नये म्हणून तुझ्या मनगटाला बांधली. म्हणाला, वाटेत सापडली.

आता गोम अशी की आदल्या वर्षी जनरलनी मळ्याचे सगळे बैल सोडवून गावागावांत वाटले होते. बैल लोकांचे झाले, डाग मात्र मळ्याचाच राहिला. डाग काय पुसता येतो? म्हणून बायका आपापल्या बैलाच्या शिंगाला काहीतरी खूण बांधायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुका, सगळे तिला मानानं दोन्या कुका म्हणायचे, देवळाच्या आवारात आली. तिथंच आमचा तळ होता. दोन्या कुकाला तू म्हातारी झालेली पाहिलीस, तेव्हा ती कशी होती ते तुला माहीत नाही. उंच, काळीसावळी, विधवा, आणि तोंड असं की शिपाई रस्ता बदलायचे. तिनं खांद्यावरून आणलेलं बैलाचं शिंग जनरलच्या पुढ्यात आपटलं.

"मेलितोन," ती म्हणाली. जनरलबिनरल नाही, सरळ मेलितोन, कारण हे पोरगेले असताना तिनं त्यांना पेरू चोरताना पकडलं होतं. "मेलितोन, बैलांची जोडी तू मला तुझ्या हातानं दिलीस. आज एक गोठ्यात हंबरतोय आणि एकाचं हे एवढं उरलंय. पाऊस तोंडावर आलाय. मी पेरू कशानं, तुझ्या मिशांनी?"

कुणी हसलं नाही. जनरलनी एवढंच विचारलं, "कुणी केलं?"

तुझा बाप पुढं झाला. तेवढं त्याचं मी अजून मानते, मागं लपला नाही. "मी, जनरल. मळ्याचा डाग होता. मला वाटलं शत्रूचा."

"खूण नव्हती?"

"मी पाहिली नाही."

जनरलनी पुढ्यातलं ते शिंग उचललं. मग म्हणाले, "डाग मळ्याचा असेल, पण बैल माझ्या हातचा होता. संध्याकाळच्या घंटेला." एवढंच. सगळ्यांना कळलं. त्याला धान्याच्या कोठारात कोंडला.

रडले का? नाही. रडायला वेळ कुठं होता? घंटा संध्याकाळची, आणि सूर्य चिंचेच्या झाडावर आलेला. एकच गोष्ट डोक्यात आली. तुला पाठीला बांधलं आणि जनरलकडं गेले. ते घोड्याचा खूर मांडीवर घेऊन त्यातला खडा काढत होते.

"जनरल," मी म्हटलं, "माझ्या लेकीचा बाप्तिस्मा करायचा आहे. तुम्ही तिचा धर्माचा बाप व्हा."

त्यांनी मान वर केली नाही. पण हात थांबले.

तुला हे नव्यानं सांगायला नको. बाप्तिस्म्याला विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. जीव गेला तरी नाही म्हणत. आणि एकदा का पोर त्या हातात दिलं की मुलाचा बाप नि धर्माचा बाप कोम्पाद्रे झाले. मग कितीही जुनी दुश्मनी असो, अहो-जाहो करायचं, एकमेकांवर हात उगारायचा नाही, एकमेकांविरुद्ध शब्द काढायचा नाही. कोम्पाद्रेला गोळी घालणारा माणूस आमच्या खोऱ्यात जन्मला नव्हता.

"वा गं चेन्चा," जनरल म्हणाले. "मोठी हुशार झालीस की."

"नाही म्हणता यायचं नाही तुम्हाला."

"नाही म्हणतच नाही." त्यांनी घोड्याचा खूर खाली सोडला आणि माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल होते त्यांचे. "होतो मी तिचा धर्माचा बाप. पण माझ्यामागं लपू नकोस. माझी मावशी अजून जिवंत आहे. तिला मी काय सांगू? तुझं पोर नात्यातलं असूनही मेलं, आणि हा आज नात्यात आला म्हणून वाचला?"

बरोबरच होतं त्यांचं.

मग तेच हळू आवाजात म्हणाले, "बापाचं झालं. धर्माची आई कोण?"

"अजून कुणी नाही."

"मग जिचा बैल तिच्या दारात जा. तिनं पोर हातात घेतलं तर ती मासेदोनिओची कोमाद्रे. कोमाद्रेनं कोम्पाद्रेची तक्रार केलेली मी तरी कधी ऐकली नाही. आणि तक्रारच नाही, तर मी कुणाला भिंतीला उभं करणार?"

"आणि तिनं दार लावून घेतलं तर?"

"तर घंटा व्हायची तशी होईल. पोरीला मी सांभाळीन, तो माझा शब्द. पण तिच्या बापाचा जीव माझ्या हातात नाही चेन्चा. तो दोन्या कुकाच्या हातात आहे, आणि तिथंच असायला हवा."

त्या वेळी मला त्यांचा राग आला, इतका की थुंकावंसं वाटलं. आज कळतं की त्यांनी मला दरवाजा दाखवला होता. उघडायचा मात्र मलाच होता.

धर्माची आई व्हायला विचारायचं तर हातात काही न्यावं लागतं. चार लोक पाव नेतात, चॉकलेट नेतात, कोंबडी नेतात. माझ्याकडं गुळाचा एक खडा होता, तोही मुंग्या लागलेला. तो पदरात बांधला आणि निघाले.

कुका गोठ्यापाशी बसली होती. उरलेला बैल दावणीला मान ओढून हंबरत होता, जोडीदाराला बोलावत होता. मला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"ये बाई ये. शेपूट राहिलं होतं, ते न्यायला आलीस?"

"दोन्या कुका, मी..."

"चव कशी होती ते तरी सांग. मी त्याला रोज माझ्या हातानं चारा घातलाय. मऊ लागला असेल."

"दोन्या कुका, माझ्या लेकीचा बाप्तिस्मा आहे. तुम्ही तिची धर्माची आई व्हा." मी गुळाचा खडा पुढं केला. मुंग्या माझ्या बोटांवर चढल्या.

ती हसली. तसलं हसू परत ऐकायला मिळू नये. "मेलितोननं पाठवलं ना? पेरू चोरायचा तेव्हाही असाच दुसऱ्याला भिंतीवर चढवायचा. अगं, लाज आहे का तुम्हाला? माझा बैल खाता आणि तुमचं पोर माझ्या मांडीवर ठेवता?"

तुला पाठीवरून सोडवून पुढं घेतलं, म्हणजे निदान बघेल तरी. तू जागी झालीस आणि मूठ वर केलीस. आणि कुकाचं तोंड बंद झालं.

ती तुझ्या मनगटाकडं बघत होती. त्या लाल फितीकडं.

ही त्या बैलाच्या शिंगाची फीत. वाटेत सापडली म्हणाला होता मेला. खूण पाहिली नाही म्हणाला होता, सगळ्यांसमोर, जनरलसमोर. पाहिली होती. सोडून खिशात घातली होती. मी तुझा हात झाकायला गेले, पण आता झाकून काय उपयोग?

"माझ्या चोनच्या टोपीची फीत आहे ती," कुका म्हणाली. चोन म्हणजे तिचा मुलगा, एकुलता एक.

मी तिथंच गुडघ्यावर बसले. "दोन्या कुका, मला माहीत नव्हतं. आईशपथ माहीत नव्हतं. तो खोटं बोलला. चोर आहे, खोटारडा आहे, पण माझा आहे हो. मला दुसरा नाही."

बैल हंबरला. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला.

"चोनला सरकारी फौजेनं पकडलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मी त्यांच्या कॅप्टनच्या बुटांना मिठी मारली होती. असाच एक गुळाचा खडा नेला होता मी. काय मूर्ख बाई, कॅप्टनला गूळ! त्यानं बुटानं तो खडा दूर लोटला आणि शिपायांना हात केला. तेव्हापासून मी रोज रात्री विचार करते, त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं. बैल मेला तेव्हा वाटलं, मीही गोळी घातली असती. सरळ घातली असती."

मग तिनं तुझा हात धरला. मला वाटलं, फीत सोडून घेते आता. तिची वस्तू होती, हक्क होता. पण तिनं गाठ उकलली आणि पुन्हा आवळून बांधली.

"गाठ बांधायचीही अक्कल नाही तुझ्या नवऱ्याला. सैल होती. अशानं नजर लागेल पोरीला." तिनं माझ्या हातातला खडा उचलला, मुंग्या झटकल्या आणि तोंडात टाकला. "चल, ऊठ. तशी पायाशी बसू नकोस, माझी आई मेली तेव्हाही एवढं कुणी रडलं नव्हतं."

तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

देवळात पाद्री नव्हता, तेल नव्हतं, मेणबत्ती नव्हती. अडचणीच्या वेळी कुणीही पाणी घालू शकतं, तेवढं देवाला चालतं. कुकानं तुला धरलं आणि जनरलनी कमरेला लटकवलेल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं. गार पाणी लागताच तू जी किंचाळलीस! कुका म्हणाली, "चांगलंय. आवाज आहे पोरीला, बैल राखता येतील." मग जनरलनी तुझ्या बापाला कोठारातून आणवलं. तो बिचारा समजला, वेळ भरली. टोपी छातीशी धरून भिंतीकडंच चालायला लागला.

"इकडं या, इकडं," जनरल म्हणाले. मासेदोनिओनं मागं वळून पाहिलं, अहो-जाहो कुणाला करतायत म्हणून. जनरल कुकाकडं वळले. "कोमाद्रे, आपली काही तक्रार होती म्हणे?"

"कसली तक्रार, कोम्पाद्रे? माझा एक बैल हरवला होता. सापडला." तिनं तुझ्या बापाकडं बोट दाखवलं. "या कोम्पाद्रेंच्या पोटात आहे."

आवारात हास्याचा असा कल्लोळ उठला की देवळाची कबुतरं उडाली. तुझ्या बापानं टोपी तोंडावर दाबली. आणि मी? मी काय सांगू तुला. त्या दिवशी मी देवाचे आभार मानले, बैलाचे मानले, मुंग्या लागलेल्या त्या गुळाच्याही पाया पडले असते.

पण बाप्तिस्मा झाला की पोरं सोडतात होय! गावातली सगळी कार्टी दाराशी जमली आणि ओरडायला लागली, पैसे उधळा, पैसे उधळा! धर्माच्या बापानं नाणी उधळलीच पाहिजेत, नाहीतर पोरीचं नशीब कोरडं राहतं. जनरलकडं कुठली नाणी? त्यांनी खिसे उलटे करून दाखवले, एक काडतूस आणि तंबाखूची चिमूट. कार्टी ऐकेनात. "कंजूष बाप! कंजूष बाप!" जनरलला कंजूष म्हणायची हिंमत आमच्या खोऱ्यात फक्त त्यांचीच.

मग त्यांनी चाकू काढला, वाकले, आणि विजारीचं खालचं बटण कापलं. चांदीचं. उधळलं. मग दुसरं. मग एकामागून एक दोन्ही पायांची सगळी. आवारात चमचम पडत होती आणि पोरं धुळीत लोळत होती. शेवटी विजार दोन्ही बाजूंनी फाकली आणि जनरलचे केसाळ पाय सगळ्या गावानं पाहिले.

"कोम्पाद्रे, झाका ते," कुका म्हणाली. "धर्माच्या बापाचे पाय पाहून पोरगी दूध प्यायची नाही."

मीच मग घायपाताचा वाख वळला, जाड सुई घेतली आणि दोन्ही बाजूंनी टाके घालून विजार बांधून दिली. माझी गाठ माहीत आहे ना तुला, दुहेरी, शेवटी उलटी मारलेली? आईनं शिकवलेली. तशाच गाठी वरपासून खालपर्यंत. जनरल म्हणाले, "कोमाद्रे, आता सरकारी फौजेला मी दिसायचो नाही."

"आणि आम्हाला?" मी विचारलं.

"तुम्ही काय, आता घरचेच झालात. घरच्या माणसाला चमक कशाला लागते?"

त्या भुकेच्या वर्षी ती बटणं गावोगावच्या बाजारात मक्यावर मोडली गेली. आतेन्पातलं एकही चूल विझलेलं घर मला आठवत नाही. तुझ्या गळ्यातलं ते एक राहिलं, कारण कुकानं ते सगळ्यांच्या आधी पायाखाली दाबून ठेवलं होतं.

आणि पेरणी? ती कशी झाली ते तुला सगळा गाव सांगेल. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला तुझा बाप, मानेवर जू. मागं नांगर धरून कुका. "अहो कोम्पाद्रे, जरा सरळ चला. गेलेला तुमच्यापेक्षा शहाणा होता." "अहो कोम्पाद्रे, हंबरू नका, घास संध्याकाळी." बाप्तिस्म्यानंतर तिनं त्याला कधी अरे म्हटलं नाही, आणि अहो म्हणून जेवढं सोलून काढलं तेवढं कुणाला अरे म्हणूनही काढलं नसेल. खांदे सोलवटून घरी यायचा, मी लोणी लावायची. म्हणायचा, "चेन्चा, दुखतंय गं, किती छान दुखतंय." जिवंत माणसालाच दुखतं ना.

इथपर्यंत तुला थोडंफार माहीत होतं. आता पुढचं कुणालाच माहीत नाही. पाट्यावर जरा पाणी शिंपड.

तू धावायला लागली होतीस. सरकारी फौजेनं दवंडी पिटली की मेलितोन तापिआ मारला गेला, तालुक्याच्या चौकात येऊन बघा. सगळं खोरं लोटलं. मी, तुझा बाप नि कुका, आम्ही तिघंही गेलो. चौकात फळीवर ठेवलं होतं. चेहरा सुजलेला, गोळ्यांनी फाटलेला, आईनंही ओळखला नसता. लोक पुढं जात होते, बघत होते, आणि मग एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, आणि ते कुजबुजणं वाऱ्यासारखं पसरलं. हे जनरल नाहीत! बटणं कुठायत? आपल्या जनरलची विजार डोंगरावरून चमकायची. हा कुणीतरी गरीब, वाखानं विजार बांधलेला. नाहीत हे ते! बायकांचे चेहरे उजळले. आतेन्पाची पोरंही, ज्यांनी ती बटणं धुळीतून वेचली होती, तीही म्हणायला लागली, नाहीत. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं.

मी पुढं गेले. टाके पाहिले. दुहेरी गाठ, शेवटी उलटी मारलेली. एक निसटली होती, ती कुणीतरी पुन्हा बांधायचा प्रयत्न केला होता, पुरुषी हातानं, वेडीवाकडी. म्हणजे इतके दिवस तीच विजार, तोच वाख.

फळीशी उभा असलेला अधिकारी मोठ्यानं विचारत होता, "नात्याचं कुणी आहे का? असेल तर प्रेत न्या, रीतसर पुरा." आवाज अगदी मऊ केला होता त्यानं. त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. एक माणूस रडत पुढं आला असता तर सगळ्या खोऱ्याला खात्री पटली असती, बंदुका खाली पडल्या असत्या, आणि मळ्याचे मालक दुसऱ्या दिवशी बैल मोजायला हजर झाले असते.

तुझ्या बापाचा हात टोपीकडं गेला. कोम्पाद्रे होता तो त्यांचा. कोम्पाद्रेला माती देणं हे त्याचं काम होतं, कुकासाठी जू मानेवर घेतलं त्याहून मोठं. ज्यानं जीव वाचवला त्या माणसाला दोन मुठी माती द्यायची, एवढीच फेड मागितली होती नशिबानं. आणि कुकानं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की महिनाभर काळानिळा होता.

"कोण नातेवाईक?" कुका सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "मी मेलितोनला पेरू चोरायचा तेव्हापासून ओळखते. तो याच्यापेक्षा वीतभर उंच होता! हा आमचा कुणी नाही. चला हो कोम्पाद्रे, ऊन लागतंय."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "आणि तू?"

माझ्या कडेवर तू होतीस आम्पारो. मनगटावर ती लाल फीत. ज्यांनी तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं ते समोर फळीवर होते. मी म्हटलं, "आमचा कुणी नाही, साहेब."

आम्ही तिघं परत निघालो. ओढ्याच्या वळणावर, जिथं बैल कापला होता तिथं आल्यावर, कुका खाली बसली आणि ऊर बडवून रडली. "मेलितोन, मेलितोन," म्हणाली. कोम्पाद्रे म्हणायचं विसरली. तुझा बाप म्हणाला, "कोमाद्रे, मी त्यांना टाकून आलो." ती म्हणाली, "नाही हो. तुम्ही त्यांना जिवंत ठेवून आलात."

त्या वर्षी कुणीही बंदूक खाली ठेवली नाही. मळ्याच्या जमिनीवर आमचा मका उभा राहिला, आणि आजही उभा आहे, तूच तो खुडतेस. घरात दारं लावून आम्ही नऊ दिवस जपमाळ ओढली, नाव न घेता. आणि पहिल्या मृतांच्या दिवशी कुकानं विचारलं, ताटाचं काय करायचं? फोटो लावता येत नाही, नाव लिहिता येत नाही, लोक विचारतील. तुझा बाप म्हणाला, "ज्याच्यामुळं मी जगलो त्याचं ताट म्हणून सांगा." कुका डोळे पुसत हसली. "म्हणजे माझ्या बैलाचं."

तेव्हापासून ते बैलाचं ताट. तंबाखू का असते ते आता तुला कळलं. पाण्याचा भोपळा का असतो तेही कळलं.

कुका गेली, तुझा बाप गेला. त्या गाठी ओळखणारी मी एकटी उरले. अगं, रडतेस काय? मिरची गेली डोळ्यात? बघ, ऐक. मला दुःख नाही. ज्या दिवशी मी विधवा होणार होते त्या दिवसानंतर तुझ्या बापाबरोबर मी म्हातारी झाले. भांडले, पोरं वाढवली, त्याचे खांदे चोळले. एवढं कुणाला मिळतं? मी दर वर्षी फक्त धन्यवाद म्हणायला ते ताट मांडते.

पुढच्या वर्षी मी असेन नसेन. ताट तू मांडायचंस. पेज गोड कर, त्यांना गोड लागायची. झेंडूची वाट दारापर्यंत नाही, त्या ताटापर्यंत घाल, वाकडी नको. आणि कुणी विचारलं, कुणाचं गं हे आम्पारो, तर मान वर करून सांग, कुकाच्या बैलाचं. हसू दे त्यांना. ते हसतायत तोवर जनरल डोंगरापलीकडं घोडे विकतायत.